नेलपॉलिशवरची ॲक्रिलिक नक्षी फुटते, ओढली जाते किंवा सुटून येते तेव्हा

विटकरी नेलपॉलिशवर पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाने वारली आकृत्या काढायला बसले की तीनपैकी एक अडचण हमखास येते. पहिल्याच रेषेचे बारीक बारीक थेंब होतात. रेषा नीट उमटलीच, तर टॉपकोटचा, म्हणजे सर्वांत वर द्यायच्या पारदर्शक थराचा, ब्रश फिरताच तारपा वाजवणाऱ्याचे डोके नखाच्या टोकापर्यंत ओढले जाते. हेही पार पडले, तर तिसऱ्या दिवशी भांडी घासताना सगळी नक्षी पापुद्र्यासारखी सुटून येते. अशा वेळी बहुतेकजणी रंगाला दोष देतात आणि दुसरी बाटली आणतात. रंग बदलून क्वचितच काही साधते, कारण दोष बहुधा रंगाच्या खालच्या थरात किंवा दोन थरांमध्ये दिलेल्या वेळात असतो. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी बिघाड नेमका कोणत्या क्षणी दिसला हे ठरवावे. रेषा काढताना, टॉपकोट लावताना आणि काही दिवसांनी दिसणारे बिघाड वरवर सारखे वाटले तरी त्यांची कारणे वेगवेगळी असतात.

आधी दोन्ही पदार्थांचा स्वभाव पाहू. नेलपॉलिशमध्ये मुख्यतः नायट्रोसेल्युलोज असते, त्याला चिवटपणा देणारी राळ व प्लास्टिसायझर असतात, आणि हे सारे एथिल ॲसिटेट, ब्युटिल ॲसिटेट अशा द्रावकांत विरघळवलेले असते. द्रावक उडून गेले की थर घट्ट होतो, पण त्यात कोणताही कायमचा रासायनिक बदल होत नाही, त्यामुळे वाळलेल्या नेलपॉलिशवर तेच द्रावक पुन्हा पडले की ती पुन्हा मऊ पडते. ॲक्रिलिक रंगात ॲक्रिलिकचे अतिसूक्ष्म कण आणि रंगद्रव्य पाण्यात पसरलेले असतात. पाणी उडाले की हे कण एकमेकांना बिलगून एकसंध, लवचीक पापुद्रा तयार होतो आणि तो पाण्याने पुन्हा विरघळत नाही. शिवाय पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पसरण्याऐवजी थेंबात गोळा होण्याची ओढ, खोलीच्या तापमानाला सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, तर ब्युटिल ॲसिटेटचा साधारण २५. नेलपॉलिश नखावर आपोआप पसरते आणि पाण्याचा रंग मात्र त्याच गुळगुळीत थरावर गोळा व्हायला बघतो, याचे कारण या फरकात आहे. वारली पाड्यांवर गेरूने रंगवलेल्या मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची रेषा निमूट बसते, कारण ती भिंत पाणी पिते. नखावरचा विटकरी थर पाण्याचा थेंबही पीत नाही.

रेषा काढतानाच फुटत असेल तर

प्रथम तेलकटपणाची शंका घ्यावी आणि ती तपासूनच पुढे जावे. एका नखावरून स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेला, धागे न सुटणारा कागदी रुमाल एकदाच हलक्या हाताने फिरवावा, शेजारचे नख तसेच ठेवावे आणि दोन्हींवर त्याच ब्रशने तीच रेषा काढावी. पुसलेल्या नखावर रेषा सलग राहिली आणि दुसऱ्यावर तुटली, तर रंगाचा काही दोष नाही हे सिद्ध झाले. स्पिरिट लावून नख घासू मात्र नये. अल्कोहोलने नेलपॉलिशची चमक मरते आणि वरचा पृष्ठभाग मऊ पडतो, त्यामुळे पुसल्यानंतर दोन-चार मिनिटे थांबणे चांगले. कापसाचा बोळा टाळावा, कारण त्याचे तंतू नेलपॉलिशला चिकटतात आणि नेमके रेषेच्या मध्ये उभे राहतात.

हा तेलकटपणा येतो कुठून, हा प्रश्न पडणे साहजिक आहे. केसांचे खोबरेल तेल, हाताला लावलेले क्रीम, नखाच्या मुळाशी चोळलेले तेल ही ओळखीची कारणे झाली. सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेले असते, त्यामुळे स्पिरिटऐवजी सॅनिटायझरने नख पुसले तर अल्कोहोल उडून जाते आणि ग्लिसरीनचा बुळबुळीत थर मागे राहतो. मात्र सगळ्यांत फसवे कारण म्हणजे नेलपॉलिश लवकर वाळावी म्हणून वरून टाकायचे थेंब किंवा फवारा. अशा अनेक उत्पादनांत सिलिकोन तेल असते, आणि सिलिकोन तेलावर पाण्याचा रंग ठरणे जवळजवळ अशक्य असते. ते थेंब वापरायचेच असतील तर नक्षी आणि टॉपकोट दोन्ही झाल्यावर, अगदी शेवटी वापरावेत.

पुसूनही रेषा फुटत असेल तर रंगात पाणी जास्त झाले आहे. कागदावर चित्र काढण्याची सवय असलेल्यांचा हात इथे हमखास सैल सुटतो. नखावरच्या रंगाचा दाटपणा घट्ट ताकाइतका असावा: ब्रशच्या टोकावरून तो सहज उतरला पाहिजे, पण आपणहून ओघळता कामा नये. ब्रश पाण्यात बुडवून कागदावर टिपून घेतल्यावर त्याच्या केसांत जो ओलावा उरतो, तेवढाच बहुतेक वेळा पुरतो. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकण्याची युक्ती बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. तिने पृष्ठताण कमी होतो हे खरे, परंतु साबण थरात अडकून राहतो आणि तो थर पुढे पाण्याला लवकर दाद देतो. म्हणून वाटीभर पाण्यात टाचणीच्या टोकावर मावेल इतकाच साबण घ्यावा, किंवा तो नाद सोडून चित्रकलेच्या दुकानातून ॲक्रिलिकचे माध्यम, म्हणजे रंग पातळ करायचे रंगहीन द्रव, आणून पाण्याऐवजी ते वापरावे.

माझ्या मते यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे रंगाखाली मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, टॉपकोटचा एक पातळ थर देणे. मॅट टॉपकोटमध्ये सिलिकाचे बारीक कण असतात. त्यामुळे पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो, रंगाला धरायला जागा मिळते आणि गेरूच्या भिंतीचा कोरडा पोतही आयताच दिसतो. वरून चकचकीत टॉपकोट दिला की हवी असल्यास चमक परत येते. नेलपॉलिशवर बफर घासून खरखरीतपणा आणण्याच्या फंदात पडू नये, कारण साधी नेलपॉलिश इतकी पातळ असते की खालचे नखच दिसू लागते.

रेषा फाटणे हा प्रकार फुटण्यापेक्षा वेगळा आहे आणि तो ओळखायला थोडे जवळून पाहावे लागते. पंख्याखाली बारीक रेषेवर अर्ध्या मिनिटाच्या आत साय धरू लागते. लाल-विटकरी पृष्ठभागावर पांढरा एका हातात पुरेसा झाकत नाही, म्हणून आपण लगेच त्याच रेषेवरून रंगाचा दुसरा हात फिरवतो, आणि ब्रशचे टोक ती अर्धवट साय उचलून नेते. रेषेच्या मधोमध खालचा रंग उघडा पडतो व दोन्ही कडांना पांढऱ्याच्या गुठळ्या जमतात. पहिली रेषा पूर्ण वाळू द्यावी आणि मगच दुसरी द्यावी. त्याहून चांगले म्हणजे झाकणारा पांढरा निवडावा. नळीवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असेल तर टायटॅनियम पांढरा म्हणजे पीडब्ल्यू ६, झिंक पांढरा म्हणजे पीडब्ल्यू ४. झिंक पांढरा मुळातच पारदर्शकतेकडे झुकणारा, रंग मिसळायला उपयोगी पडणारा. गेरूवर त्याचा टिकाव लागत नाही.

ब्रशबद्दल फार लिहिण्याची गरज नाही: कृत्रिम केसांचा, लांब व मोजक्या केसांचा लायनर घ्यावा, आणि डोक्यांच्या ठिपक्यांसाठी बोथट टाचणी किंवा डॉटिंग टूल.

टॉपकोट लावताना नक्षी ओढली जात असेल तर

ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत जिवावर येणारी तक्रार, कारण सगळी मेहनत झाल्यावर ती समोर येते. इथे रिमूव्हर हातात घेण्याआधी ओढलेला डाग नीट न्याहाळावा; बिघाडाचे कारण त्या डागाच्या रंगातच लिहिलेले असते. ओढली गेलेली शेपटी शुद्ध पांढरी असेल तर ॲक्रिलिक वाळलेले नव्हते किंवा ब्रशचा दाब जास्त पडला. शेपटीत विटकरी छटा मिसळलेली असेल तर टॉपकोटच्या द्रावकाने खालची नेलपॉलिश विरघळवली आहे आणि वरची नक्षी त्या सैल झालेल्या थरासकट सरकली आहे. शेपटी मुळीच नाही, पण पांढऱ्या रेषा एकसारख्या गुलाबी झाल्या असतील, तर लाल रंगाचे रंजक टॉपकोटमध्ये उतरले आहे.

पहिल्या प्रकारात वेळ महत्त्वाचा. बारीक रेषा दहा-पंधरा मिनिटांत वाळतात, परंतु टाचणीने दिलेले ठिपके उंचवटा धरतात, त्यांच्यावर आधी साय येते आणि आतला रंग बराच वेळ ओला राहतो. वारली नक्षीत सर्वांत आधी डोकीच ओढली जातात ती यामुळे. बोट लावून पाहिले तर ठसा उमटण्याची भीती असते, म्हणून दुसऱ्या हाताच्या बोटाची मागची बाजू ठिपक्याला अलगद टेकवावी; गार लागले तर पाणी अजून उडत आहे असे समजावे आणि थांबावे. ठिपका खोलीइतकाच कोमट लागला की टॉपकोट द्यावा. घाईसाठी पंख्याचा किंवा ड्रायरचा थंड झोत चालतो. गरम झोताने खालची नेलपॉलिश मऊ पडते. बर्फाच्या पाण्यात बोटे बुडवण्याची युक्ती साध्या नेलपॉलिशला कदाचित निभावत असेल, पण ॲक्रिलिकच्या नक्षीला ती मारकच आहे, कारण जे पाणी बाहेर जायची आपण वाट पाहत आहोत त्याच पाण्यात नक्षी बुडवली जाते.

दाबाचा दोष हाताच्या सवयीतला आहे. नेलपॉलिश लावताना आपण ब्रश नखावर दाबून त्याचे केस पसरवतो. टॉपकोटच्या वेळी तसे करू नये. ब्रशवर एक भरदार थेंब घ्यावा, ब्रश नखाला जवळजवळ समांतर धरावा आणि केसांचा नक्षीला स्पर्श न होता केवळ तो थेंब पुढे सरकेल अशा बेताने मुळापासून टोकाकडे न्यावा. मध्ये एकदा आणि दोन्ही बाजूंना एकेकदा, बस्स. राहिलेली जागा भरायला परत मागे जाऊ नये. प्रत्येक नखानंतर ब्रश कागदावर पुसावा, नाहीतर एका नखावरचा पांढरा दुसऱ्या नखावर जातो आणि शेवटी बाटलीतला टॉपकोटही दुधाळ होतो. टॉपकोट जुना होऊन ब्रशमागे तार धरत असेल तर कितीही हलका हात असला तरी नक्षी ओढली जाणारच. अशा बाटलीत नेलपॉलिश पातळ करायचे थिनर दोन-तीन थेंब टाकावे. रिमूव्हर टाकू नये. त्यातल्या ॲसिटोनने आणि पाण्याने टॉपकोटचा समतोल बिघडतो.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे शेपटीत विटकरी छटा दिसते तेव्हा, ॲक्रिलिकला आणखी तासभर वाळवूनही उपयोग नसतो. नेलपॉलिश दहा-पंधरा मिनिटांत हाताला कोरडी लागते, परंतु आतले द्रावक बाहेर पडायला कित्येक तास जातात, आणि जाड दोन-तीन थर एकावर एक चढवले असतील तर त्याहूनही अधिक. अशा अर्धवट घट्ट थरावर टॉपकोटचे ताजे द्रावक पडले की तो पुन्हा पातळ होतो. उपाय साधा आहे, पण संयम मागतो: विटकरी रंगाचे दोन पातळ थर आदल्या रात्री द्यावेत आणि नक्षी सकाळी काढावी. ते शक्य नसेल तर निदान थर पातळ ठेवून मधे एक-दोन तास तरी सोडावेत. वाळवण्याच्या घाईत नक्षीवर भेगा पडतात त्याचे मूळही हेच आहे. खालचा थर आकसत असताना वरचा थर आधीच घट्ट झालेला असतो, आणि ताण वरच्याला सोसत नाही.

तिसऱ्या, गुलाबी पडण्याच्या प्रकाराला गडद लाल आणि मरून छटा अधिक कारणीभूत ठरतात. रंगाच्या थरावर पारदर्शक किंवा मॅट टॉपकोटचा एक थर देऊन तो वाळू द्यावा आणि मग नक्षी काढावी. नक्षीवरचा टॉपकोटही एका जाड हाताऐवजी दोन पातळ हातांत द्यावा, म्हणजे द्रावक कमी वेळ खाली टिकते. मॅट थराचा हा दुसरा फायदा.

काही दिवसांनी पापुद्रा सुटत असेल तर

सुटलेला पापुद्रा टाकून देऊ नये. तो उलटा करून उजेडात धरावा. मागे फक्त पांढरी नक्षी दिसत असेल आणि नखावर विटकरी थर अखंड, चकचकीत राहिला असेल, तर ॲक्रिलिक व नेलपॉलिश यांच्यामध्ये पकड बसली नव्हती. उपाय वर सांगितलेलेच, म्हणजे पुसणे आणि मॅट थर. मागे विटकरी रंगही आला असेल तर बिघाड नखापाशी आहे, बेसकोट (नखावरचा सर्वांत खालचा थर) चुकला आहे किंवा नेलपॉलिश लावण्यापूर्वी नखावर तेल अथवा पाणी होते. सुटलेला तुकडा पूर्ण पारदर्शक असेल तर केवळ टॉपकोट निघाला आहे आणि नक्षी वाचवता येते.

याखेरीज एक कारण नक्षीच्या मांडणीत दडलेले असते. ॲक्रिलिक नखाच्या अगदी कडेपर्यंत नेले की टॉपकोटला कडेवर नेलपॉलिशची पकड मिळत नाही आणि पाणी तिथून आत शिरते. नक्षी चहूबाजूंनी केसभर आत थांबवावी आणि टॉपकोट नखाच्या टोकावरून खालपर्यंत वळवून घ्यावा. नाचणाऱ्यांची साखळी नखाच्या टोकाबाहेर गेल्यासारखी दाखवण्याचा मोह होतो, पण भांडी, कपडे आणि कणीक मळणे ज्या हातांना सुटत नाही त्या हातांनी तो आवरावा. आणि हाताने जेवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: हळदीने टॉपकोट पिवळा पडतो, तेव्हा नक्षी पिवळट झाली म्हणून रंग खराब निघाला असे समजू नये. दोन-तीन दिवसांनी टॉपकोटचा नवा पातळ हात दिल्यास नक्षी अधिक टिकते.

पावसाळा, जेल आणि रंगाची निवड

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात वरचे सगळे नियम पाळूनही टॉपकोटखाली पांढुरके धुके दिसते. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर साचून थरात अडकते. नायट्रोसेल्युलोजच्या लाकडी फर्निचरवरील पॉलिशलाही पावसात हाच त्रास होतो. विटकरी रंगावर हे धुके लगेच जाणवते. खिडक्या लावून, एसी असल्यास तो चालू करून, पातळ थर देत काम करावे. ॲक्रिलिकलाही दमट हवेत वाळायला वेळ लागतो, म्हणून गार लागण्याची चाचणी या महिन्यांत कटाक्षाने करावी.

जेल पॉलिशवर ॲक्रिलिक काढणाऱ्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. दिव्याखाली जेल घट्ट झाल्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याच्या वर एक चिकट थर उरतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पृष्ठभाग हलकेच बफ करून मगच रंग लावावा. दिव्याने ॲक्रिलिक वाळत नाही, ते हवेतच वाळावे लागते. ओलसर नक्षीवर जेलचा टॉपकोट घट्ट केला की आतल्या पाण्यामुळे सुरकुत्या किंवा बुडबुडे येतात आणि मग पूर्ण थर घासून काढण्यावाचून गत्यंतर नसते.

रंग निवडताना कलेच्या दुकानातले साधे ॲक्रिलिक पुरे. कापडावर रंगवायचे रंग नखासाठी घेऊ नयेत. त्यांचा थर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो आणि बहुतेकांना पक्के करायला इस्त्री फिरवावी लागते, जी नखावर कोणी फिरवणार नाही. शाळेतला पोस्टर कलर टॉपकोटच्या द्रावकात विरघळत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी तो ॲक्रिलिकपेक्षाही शहाणा वाटतो, परंतु कडेतून पाणी शिरताच भुकटी होऊन वाहू लागतो. याच हाताने घास घ्यायचा असल्याने कॅडमियम असलेले लाल-पिवळे रंग, म्हणजे पीआर १०८, पीवाय ३५ आणि पीवाय ३७ हे क्रमांक टाळावेत, आणि लहान मुलींच्या नखांवर तर कलेचे रंग लावूच नयेत. ॲक्रिलिकमध्ये रंग नासू नये म्हणून घातलेल्या आयसोथायाझोलिनोन गटातील परिरक्षकांमुळे काहींच्या कातडीला खाज व पुरळ येते, तेव्हा नखाच्या मुळाशी लागलेला रंग ओल्या इअरबडने लगेच पुसावा.

चूक सुधारण्याची संधीही याच ओलेपणात असते. रेषा वाकडी गेली तर ती ओली असेपर्यंत साध्या पाण्याने भिजवलेल्या इअरबडने उचलली जाते आणि खालच्या नेलपॉलिशला काही होत नाही. वाळल्यानंतर मात्र ती काढायला स्पिरिट किंवा रिमूव्हरच लागतो, आणि दोन्हींनी खालचा विटकरी थरही खराब होतो. तेव्हा वाळलेल्या वाकड्या रेषेवर आणखी एक रेषा देऊन ती झाडाची फांदी करून टाकणे अधिक परवडते.